कोरड्या मुलखातलं लोखंड

यावल तालुक्यातल्या एका गावात, केळीच्या बागांमधल्या एका खळ्यात, ती गाडी निंबाखाली उभी होती. चारही टायर बसलेले. बोनेटवर गोवऱ्या वाळत घातलेल्या, आणि मागच्या सीटवर कोंबडीनं अंड्यांसाठी खळगा केलेला. मी गाडी पाहायला गेलोच नव्हतो. चोपड्यात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. यावलच्या त्या गावात विहिरीवरची साडेसात एचपीची मोटार जळाली होती, ती उतरवायला गेलो होतो. मोटार टेम्पोत चढली, हात धुवायला हौदाकडे वळलो आणि चौकोनी तोंडाची ती गाडी दिसली. हात धुवायचे राहूनच गेले.

प्रीमियर ११८ एनई. १९८५ साली बाजारात आली तेव्हा फियाटवाल्यांच्या घरात तिचं केवढं अप्रूप होतं. आज तरुण पोरांना नाव सांगितलं तर बहुतेकांना ओळखू येत नाही. पद्मिनी सगळ्यांना माहीत, अ‍ॅम्बेसेडर माहीत, कॉन्टेसाचं तर स्टेटसला फोटो टाकण्याइतकं कौतुक. एनई मात्र मधल्या मध्ये राहून गेली. ना पद्मिनीसारखी गोजिरवाणी, ना कॉन्टेसासारखी दांडगी. म्हणूनच ती अजून माझ्यासारख्याच्या खिशाला परवडते. जुन्या गाडीतून आपल्या हातानं काही उभं करायचं असेल तर सुरुवात अशाच गाडीपासून करावी, असं माझं ठाम मत झालं आहे. ते मत मला फुकट मिळालेलं नाही.

२०१६ साली मी पद्मिनी घेतली होती. हॉट रॉडचं, म्हणजे जुनी गाडी हलकी आणि वेगवान करून घ्यायचं, वेड तेव्हा नवं होतं. रात्री दुकान बंद केलं की मोबाइलवर अमेरिकेतल्या त्या बुटक्या, रुंद चाकांच्या, उघड्या इंजिनांच्या गाड्या बघत बसायचो. आपल्याकडेही असं काही करायचं तर पद्मिनीच, असं डोक्यात बसलं होतं. मुंबईच्या एका दलालानं फोटो पाठवले. लाल रंग, आरशासारखा. मी रेल्वेनं गेलो, रात्रीच्या दिव्यात गाडी पाहिली, पैसे मोजले आणि ट्रकवर टाकून आणली. चोपड्यात उतरवल्यावर आमच्या डेंटर चाचांनी ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं. खाली डांबर फासलेलं होतं. चाचांनी पेचकसाचं टोक टेकवलं आणि नुसत्या हाताच्या वजनानं ते आरपार गेलं. खालची जमीन दिसली. मग दारांच्या खालच्या पट्ट्या, मागच्या पाट्यांचे हँगर, बॅटरीखालचा पत्रा, जिथे टोक लावावं तिथे भुगा. वर अर्धा बोट पुट्टी आणि त्यावर तो सुंदर लाल रंग. तीस वर्षं खाऱ्या हवेत आणि रस्त्यात तुंबलेल्या पावसाच्या पाण्यात राहिलेलं लोखंड होतं ते. गाडी बांधण्यासाठी साठवलेले पैसे मी गाडी घेण्यातच घालवले होते, आणि हातात आला तो रंग.

चाचा त्या दिवशी काही बोलले नाहीत. संध्याकाळी चहा घेताना एवढंच म्हणाले, "रंग देखीसन लोखंड लेवो नही, बेटा. हाई बैलना बजार शे."

बैलबाजाराचं मला सांगायला नको होतं. वडिलांचं बोट धरून मी लहानपणी बाजार हिंडलो आहे. वडील शिंगांना लावलेला हिंगूळ बघतच नसत. आधी खूर बघायचे, मग बैल चालवून बघायचे, मग दात. झूल टाकलेला, घुंगरं बांधलेला बैल दिसला की पुढे सरकायचे. त्याची किंमत झुलीत गेलेली असते, म्हणायचे. हे सगळं माहीत असून मी झूल विकत घेऊन आलो होतो. ती पद्मिनी पुढे सुट्या भागांच्या भावात गेली. तिची चौकशी करणारं माणूस आजही भेटलं की मला अवघडल्यासारखं होतं.

त्यानंतर दोन वर्षं मी गाडी घेतली नाही. हॉट रॉड मुळात कशी सुरू झाली हे मात्र नीट वाचून काढलं. आणि वाचलं ते पूर्वी समजत होतो त्याच्या उलट निघालं.

अमेरिकेत १९३०च्या दशकात मंदी होती. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांच्या हातात पैसे नव्हते, पण हवा कोरडी आणि रस्ते लांब होते. टाकून दिलेल्या जुन्या फोर्ड गाड्या ती पोरं आणायची. वजन कमी व्हावं म्हणून मडगार्ड, छप्पर, काचा काढून टाकायची, आणि म्युरॉक, एल मिराज अशा आटलेल्या सरोवरांच्या सपाट तळांवर नेऊन पळवायची. १९३७ मध्ये तिथल्या क्लबांनी मिळून सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली, वेळ मोजायची रीत लावली. फोर्डनं १९३२ साली सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत व्ही-८ इंजिन घातलं होतं, २२१ घनइंचांचं, म्हणजे आपल्या हिशेबात ३.६ लिटरच्या आसपास, ताकद ६५ अश्वशक्ती. काही वर्षांत ही इंजिनं भंगारात मिळू लागली आणि पोरांनी ती आणखी जुन्या, हलक्या गाड्यांत बसवली. महायुद्ध संपल्यावर सैन्यातून यंत्रकाम शिकून आलेली माणसं त्यात उतरली. जानेवारी १९४८ मध्ये रॉबर्ट पीटरसन यांनी 'हॉट रॉड' नावाचं मासिकच सुरू केलं. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन उभी केली, ती ही शर्यत गावातल्या रस्त्यांवरून उचलून स्वतंत्र पट्टीवर नेण्यासाठी.

आता १९३२ची फोर्ड आपल्यासारख्याच्या आवाक्यात नाही. जुनं अस्सल शरीर मिळत नाही म्हणून फायबरग्लासचं नवं करून विकतात. जी गाडी फुकटात मिळते म्हणून पोरांनी उचलली, तीच दागिना होऊन बसली. मग पुढच्या पिढीतल्या शहाण्यांनी काय केलं? जिच्याकडे कुणी बघत नव्हतं तिच्याकडे गेले. विलिस कंपनीच्या तीस-चाळीस सालातल्या छोट्या दोन दारी कूपे कुणाला नको होत्या. हलक्या होत्या, आखूड होत्या, स्वस्त होत्या. साठच्या दशकात ड्रॅग शर्यतींच्या सरळ पट्ट्यांवर त्यांनीच धुरळा उडवला. त्यांच्या शेजारी इटलीची पिटुकली फियाट टोपोलिनो आणि इंग्लंडची फोर्ड अँग्लिया. बाजारात बायका-पोरांना घेऊन जायच्या या गाड्या. स्टुडबेकर ही तर मुळात घोड्यांच्या गाड्या बनवणारी कंपनी. १९६६ मध्ये ती मोटारधंद्यातून उठली, पण तिच्या १९५३च्या कूपेचं निमुळतं अंग वारा इतकं छान कापायचं की बॉनव्हिलच्या मिठागरावर वेगासाठी ती शोधून नेली जाई.

हे वाचताना मला दोन घरची माणसं भेटली. विलिस म्हणजे तीच, जिची जीप महिंद्रांनी १९४७ पासून आपल्याकडे जोडायला घेतली आणि जिच्या वंशातल्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये चौदा-चौदा जण बसून मी कॉलेजला गेलो. आणि फियाट तर फियाटच. आपल्या अंगणातल्या या दोन नावांनी तिकडे नको असलेल्या गाडीची शान वाढवली होती, आणि मी मात्र इकडे सगळ्यांना हवी असलेली गाडी शोधत मुंबईला गेलो होतो.

आपल्याकडे आज सगळ्यांना काय हवं आहे ते उघड दिसतं. कॉन्टेसा १९८४ ते २००२ बनली; आता चांगल्या कॉन्टेसाची किंमत ऐकून माणूस परत फिरतो. जिप्सी तशीच, जीप तशीच. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, वर्तमानपत्रांनी हळवं होऊन लिहिलं, आणि ज्याच्या ज्याच्या दारात पद्मिनी सडत होती त्याला ती एकदम सोन्याची वाटू लागली. हौसेनं भाव चढला की गाडी घेणाऱ्याच्या हाती कामासाठी पैसा उरत नाही. माझा साधा हिशेब आहे: या छंदासाठी जेवढे बाजूला काढले असतील त्याच्या चौथ्या हिश्श्यात गाडी आली पाहिजे. बाकीचे तीन हिस्से लेथवाला, डेंटर, रबर, काचा, टायर आणि पासिंग खातात. हे तीन हिस्से कुणाला चुकलेले मी पाहिले नाहीत.

पण स्वस्त म्हणजे सगळंच घ्यावं असं नाही, आणि इथे माझं चाचांशी आजही एकमत आहे. एक गाडी स्वस्त असते कारण ती लोकांच्या मनात भरली नाही. दुसरी स्वस्त असते कारण ती पोरकी आहे. नव्वदच्या दशकात परदेशी कंपन्या आल्या, काही वर्षांत गेल्या. देवूची सिएलो, प्युजोची ३०९, ओपेलची अ‍ॅस्ट्रा. यांतल्या काही गाड्या चालवायला इतक्या सुरेख होत्या की आजही कुणी किल्ली दिली तर मी नाही म्हणणार नाही. पण एक सेन्सर गेला की तीन महिने दिल्लीपासून कोइम्बतूरपर्यंत फोन करावे लागतात. त्याआधीची स्टँडर्ड २०००. अंग इंग्लंडच्या रोव्हरचं, देखणं, आणि आत व्हॅनगार्डच्या काळातलं दोन लिटरचं जुनं इंजिन. थोडक्याच बनल्या. तिची काच फुटली तर ती काच कुठून आणणार? पोरक्या गाडीवर दया येते, पण दया करून गाडी बांधता येत नाही.

न आवडलेली गाडी वेगळी. तिचे भाऊबंद असतात. १९९२ नंतरची इसुझूच्या १.८ लिटर इंजिनाची अ‍ॅम्बेसेडर घ्या: लोक तिला सरकारी गाडी म्हणून नाकं मुरडतात, पण तेच इंजिन कॉन्टेसात होतं, पाच गिअर होते, आणि मधला कणा म्हणावा असा मागच्या चाकांना ताकद देणारा शाफ्ट होता. कुणाला खान्देशात बसून पहिलीच गाडी करायची असेल तर मी बेलाशक ती घ्या म्हणेन. एनईचे भाऊबंद तर जगभर आहेत. तिचं मूळ फियाट १२४. १९६७ची युरोपातली कार ऑफ द इयर. स्पेनमध्ये ती सिआट झाली, तुर्कस्तानात मुरात झाली, रशियात १९७० पासून लाडा झाली. एवढ्या मुलखांतल्या थंडी-उन्हात, खड्ड्यांत जो सांगाडा टिकला तो कच्चा असेल कसा?

आणि इंजिन निसानचं. ए-१२. हे इंजिन मला फार आवडतं, म्हणून दोन ओळी जास्त लिहितो. पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनात सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५. अ‍ॅम्बेसेडरच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनात व्यास ७३ आणि धाव जवळजवळ ८९. म्हणजे पिस्टनला लांब जावं लागतं. ओढायला दणकट, पण जोरात फिरवलं की धापा टाकतं. ए-१२ मध्ये व्यास ७३ आणि धाव ७० आहे. व्यास धावेपेक्षा मोठा. ११७१ सीसीच फक्त, पण रेस दिली की मोकळ्या गळ्यानं वर चढतं. मोटार रिवाइंड केल्यावर पहिल्यांदा स्टार्टर दाबताना तिच्या आवाजावरून मला कळतं की आतलं काम जमलंय की नाही. ए-१२चा आवाज तसा आहे. काही लपवत नाही.

तर ती खळ्यातली गाडी.

दुसऱ्या दिवशी चाचांना घेऊन गेलो. खिशात लोहचुंबक, हातात पेचकस, गुडघ्याला बांधायला जुनं पोतं. चाचा आधी रंगाकडे बघतच नाहीत. सरळ खाली झोपतात. मी बोनेटवरच्या गोवऱ्या उचलून बाजूला रचल्या. उन्हानं रंगाचा पार चुना झाला होता. बोट फिरवलं की पांढरी पूड. डॅशबोर्ड तडकून आमच्या उन्हाळ्यातल्या शेतासारखा भेगाळलेला. दारांचं रबर बोटांत घेतलं तर बिस्किटासारखं तुटायचं. वायपरची पाती वितळून काचेला चिकटलेली. पंचेचाळीस अंशांचे किती मे महिने तिने निंबाखाली काढले असतील कुणास ठाऊक. खालून चाचांचा पेचकस वाजत होता. ठण. ठण. पुढे सरकले, ठण. दाराखालच्या पट्टीवर ठण. मी कानात जीव आणून ऐकत होतो. चाचा बाहेर आले, दाढीला माती लागलेली, आणि म्हणाले, "पोट कोरं शे."

अमेरिकेत उत्तरेकडे बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यानं गाड्यांची पोटं सडतात. म्हणून जाणकार जुन्या गाड्या अ‍ॅरिझोना, कॅलिफोर्नियासारख्या कोरड्या भागातून शोधून नेतात, हे मी वाचलेलं होतं. रंग उडालेला चालेल, सीट फाटलेली चालेल, लोखंड कोरडं हवं. चाचांच्या तोंडून तेच ऐकलं तेव्हा मला आमच्या मुलखाचा उन्हाळा पहिल्यांदा आपला वाटला. पाण्यासाठी आम्ही जन्मभर आभाळाकडे बघतो. वैशाखात जळगावचा आकडा बातम्यांत येतो तेव्हा बाहेरगावचे नातेवाईक फोन करून हळहळतात. त्याच उन्हानं खळ्याखळ्यांत, जिनिंगच्या आवारांत, केळीच्या गोदामांमागं जुन्या मोटारी वाळवून ठेवल्या आहेत. मिरच्या वाळवाव्यात तशा. समुद्राकाठी तेवढ्या वर्षांत त्यांची माती झाली असती.

एक जागा मात्र आमच्याकडच्या गाडीत तपासायलाच हवी. डिकी. केळीवाल्या शेतकऱ्याची मोटार असेल तर तिच्या डिकीतून खताच्या गोण्या गेलेल्या असणारच, आणि केळीला पोटॅश भरपूर लागतं. पोटॅश म्हणजे एक प्रकारचं मीठच. गोणी फाटते, दाणे चटईखाली जातात, पावसाळ्यात ओल धरतात आणि शांतपणे पत्रा खात बसतात. या गाडीतही स्टेपनीच्या खड्ड्यात ताटलीएवढं भोक निघालं. बाकी सारी गाडी कोरी आणि तेवढा एक समुद्र डिकीत. चाचांनी भोकाच्या कडेनं बोट फिरवलं आणि मान हलवली. एवढं चालण्यासारखं होतं.

गाडीच्या मालकीणबाई ओट्यावर बसून आमचं सगळं पाहत होत्या. सत्तरी ओलांडलेल्या. त्यांच्या मालकांनी, गावात त्यांना नाना म्हणत, १९८९ साली केळीच्या पैशातून ती घेतली होती. नाना जाऊन नऊ वर्षं झाली होती. एक मुलगा पुण्याला, एक सुरतेला. दोघांनी कितीदा म्हटलं होतं, भंगारवाल्याला बोलव.

"बोलावला नाही मी," आजी म्हणाल्या. "तो तराजू घेऊन येतो ना."

मग आपण होऊन उठल्या, काठी टेकत आल्या आणि मागचं डावं दार उघडलं. कोंबडीला हुसकलं. आत बसल्या नाहीत, नुसतं वाकून काच खाली करायचं हँडल धरलं. डाव्या हाताचा तळवा काचेवर सपाट टेकवला, काच थोडी बाहेर दाबली आणि उजव्या हातानं हँडल फिरवलं. काच करकरत अर्ध्यावर आली.

"अशी दाबून धरा लागते," मला म्हणाल्या. "नुसती फिरवली तं उतरत नाही. पयल्यापासून अशीच आहे. त्यायनं कितीदा दुरुस्त केली."

मी पस्तीस हजार सांगितले. त्या आत गेल्या, चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, तीस दे, पण तोडू नको. तोडणार नाही म्हटलं. चाचाही म्हणाले, नाही तोडणार. चाचांचं म्हणणं आजींना माझ्यापेक्षा जास्त पटलं असावं, चाचांच्या दाढीवर माती होती.

ही गोष्ट २०२०च्या जानेवारीतली. कागदांना वर्ष गेलं. जुनी गाडी स्वस्तात मिळते तेव्हा निम्म्या वेळा तिचे कागद अडकलेले असतात, आणि लोक लोखंड बघतात, टीसी बुक शेवटी मागतात. मीही तेच केलं, पण या वेळी नशीब बरं होतं. नाना वारले म्हणून आधी एकतीस नंबरच्या फॉर्मवर गाडी आजींच्या नावावर, त्यासाठी दोन्ही मुलांची संमती, मग एकोणतीस-तीसवर माझ्या नावावर. त्यातच पुस्तकावर १९८९चा बोजा तसाच निघाला. कर्ज केव्हाच फिटलेलं, उतरवायला कुणी गेलंच नव्हतं. पतपेढी दुसऱ्या संस्थेत मिसळलेली. तिच्या जुन्या रजिस्टरात नानांचं पान सापडेपर्यंत मी जळगावला सात खेपा घातल्या. त्या सात खेपांबद्दल मला कुणाचा राग नाही. पण गाडी घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी हात जोडून सांगतो, पैसे मोजण्याआधी पुस्तकाचं बोज्याचं पान उघडा. चासी नंबर कागदावर पेन्सिलीनं उतरवून पुस्तकाशी जुळवा. आणि वेळेवर पासिंग करून घ्या. २०२२च्या एप्रिलपासून नोंदणी वाढवायची फी ६००ची ५,००० झाली, २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,०००. पर्यावरण कर वेगळा. दर पाच वर्षांनी हे आहेच.

इंजिनाबद्दलही लोक विचारतात, मोठं का नाही टाकलं? कायदा तसं करू देत नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम सांगतं की पुस्तकात जे लिहिलंय त्याच्याशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. २०२१ मध्ये आलेला व्हिंटेजचा नियमही आपल्या कामाचा नाही. तो पन्नास वर्षांवरच्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी. म्हणजे आपली हॉट रॉड आपल्याला आहे त्याच इंजिनातून काढायची आहे. काही मित्रांना यात मजा नाही असं वाटतं. मला उलट वाटतं. दुसऱ्याचं इंजिन आणून टाकणं ही खरेदी झाली. आहे त्याच लोखंडातून त्याला येतं तेवढं काढणं, हे हाताचं काम आहे.

ते काम असं झालं. ब्लॉक बोअर केला, म्हणजे सिलिंडर किंचित रुंद केले, आणि पहिल्या ओव्हरसाइजचे पिस्टन घातले. क्रँक ग्राइंड. हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, प्लेन करताना लेथवाल्याला सांगितलं, अगदी थोडं जास्त घे, दाब वाढू दे. मग पोर्ट. हेडमध्ये हवा जायच्या वाटा ओतीव असतात, आत खरखरीत, मॅनिफोल्डच्या तोंडाशी पायरी राहिलेली. गॅस्केट ठेवून कडा आखली आणि हातातल्या ग्राइंडरनं ती पायरी मोडत बसलो. दुकानातलं काम संपल्यावर, रात्री नऊ ते अकरा, सोळा दिवस. आत बोट घालून बघायचं, पाणी या वाटेनं वाहिलं तर कुठे अडखळेल. पाटात पाणी सोडताना कोपरा जसा पायानं गोल करतो तसं. सोळाव्या दिवशी चाचांनी बोट घातलं, फिरवलं, आणि काही न बोलता दुसऱ्या पोर्टकडे गेले. मला तेवढं पुरलं.

मडगार्ड काढले नाहीत. काढले तर काळ्या मातीच्या रस्त्यावर पहिल्याच पावसात काच दिसेनाशी होईल. स्प्रिंगा थोड्या बसक्या केल्या, बंपर काढून त्याची भोकं भरली, क्रोमच्या पट्ट्या उतरवल्या. चाकं पत्र्याचीच, काळी रंगवलेली. डिकीत चाचांनी नवा पत्रा कापून गॅसनं जोडला, पुट्टी न लावता ठोकून सरळ केला; आत हात फिरवला तर जोड लागत नाही. रंगाचा प्रश्न उरला होता. माझ्या डोक्यात काळा होता. दाराचं जुनं रबर ओढून काढलं तेव्हा खाली दोन बोटं रुंदीची पट्टी निघाली, जिथे तीस वर्षं ऊन पोचलंच नव्हतं. फिका निळा. जवसाच्या फुलाचा असतो तसा. खळ्यात आम्ही पाहिलेली पांढरट गाडी मुळात निळी होती. तो तुकडा घेऊन मी रंगवाल्याकडे गेलो आणि म्हटलं, असाच, पण बिनचमकीचा.

सीटा नव्या भरल्या, मागच्याही ठेवल्या. खिडक्यांची सगळी यंत्रं उघडून साफ केली. मागच्या डाव्या दारात मार्गाची पट्टी अर्धा सूत वाकडी होती, कारखान्यातूनच तशी आली असेल. सरळ केली, ग्रीस लावलं. काच आता एका बोटानं उतरते.

गेल्या थंडीत गाडी पूर्ण झाली. पहिली लांबची फेरी उनपदेवला काढायची ठरवलं. अडावदजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी गरम पाण्याचा झरा आहे, आमच्या भागातली माणसं थंडीत तिथे अंघोळीला जातात. सकाळी सहाला आधी यावलच्या त्या गावाला गेलो. खळ्यात धुकं होतं. बागेला पाणी सुरू होतं आणि मी भरलेली ती साडेसातची मोटार विहिरीवर छान आवाजात चालली होती. आजी शाल गुंडाळून ओट्यावर तयार बसल्या होत्या. गाडीकडे खूप वेळ पाहिलं. बोनेटवर हात ठेवला, काढला.

"निळी होती," म्हणाल्या. "मीच इसरली होती."

मी पुढचं दार उघडलं. त्यांनी मान हलवली.

"मांगे बसते मी. पुढं ते बसत."

चाचा पुढे बसले. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याला लागलो तेव्हा समोरून केळीचे ट्रक येत होते, दोन्हीकडे बागांची ओली हिरवी भिंत. मोकळी जागा मिळाली तसा तिसऱ्यात पाय दाबला आणि ए-१२ त्या मोकळ्या गळ्यानं वर गेलं. चाचांनी डॅशबोर्डवर हात टेकला आणि हसले. पाच वर्षांत मी त्यांना गाडीवरून इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

किनगाव मागे पडल्यावर मागून हालचाल जाणवली. आरशात पाहिलं. आजींना वारा हवा होता. त्यांनी डाव्या हाताचा तळवा काचेवर सपाट टेकवला, काच थोडी बाहेर दाबली, आणि हँडल फिरवलं. काच न अडखळता खालपर्यंत गेली. त्यांचा हात तसाच राहिला, काच नव्हती तिथे, वाऱ्यात, तळवा उघडा.